बॉल खरा होता

दसरा सरला की आमच्या कुंभवलीच्या मैदानावर चुन्याच्या रेघा उमटतात. भात तेव्हा पिवळं पडायला लागलेलं असतं, लोंब्या जड होऊन वाकलेल्या असतात आणि दुपारी उन्हाचा असा चटका बसतो की मे महिना काहीतरी विसरला म्हणून परत आलाय असं वाटावं. संध्याकाळी कारखान्यांकडून तो आंबूस वास येतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आम्हाला मात्र तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं. मैदानाकडेला बांबू रोवले जातात, फलक लागतात, कुणीतरी भोंग्यातून ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. फुटबॉलचे सामने. पहिलं बक्षीस चषक आणि बोकड. चषक मंडळाच्या कपाटात जातो आणि बोकड कुठे जातो ते सांगायला नको.

या वर्षीही रेघा उमटल्या. मी दूध आणायला निघाले होते. त्या पांढऱ्या चौकोनाकडे नजर गेली आणि पाय थबकले. तीन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात जे पाहिलं, त्याचा धक्का एव्हाना ओसरला असेल असं मला वाटत होतं. कसला ओसरतोय.

मी मूळची कराडकडची. आमच्याकडे माती अंगाला लावायची ती कुस्तीसाठी. चेंडूमागे बावीसजण धावताना पाहून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. लग्न होऊन इथे आले ती यांच्या रंगाच्या कारखान्यातल्या नोकरीपायी. जानकीमावशींच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बघता बघता मी भाडेकरूची त्या घरातली वहिनी झाले. मावशींचा प्रकाश गोलकीपर. घरात हा माणूस दाराच्या चौकटीला डोकं आपटत चालायचा, पाण्याचा तांब्या हातातून पाडायचा. मैदानात दोन दांड्यांमध्ये उभा राहिला की तोच वेगळा दिसायचा. कारखान्यात पॅकिंगची शिफ्ट करून यायचा आणि चहा व्हायच्या आत मागच्या भिंतीवर चेंडू आपटायला लागायचा. धप्, धप्. त्या आवाजावर मी कुकरच्या शिट्ट्या चुकवलेल्या आहेत.

त्या वर्षी मुंबईच्या एका व्यावसायिक क्लबचे प्रशिक्षक त्याला जिल्ह्याच्या सामन्यात पाहून गेले होते. ‘तुमच्या गावची फायनल बघायला येतो. असाच खेळलास तर घेऊन जातो,’ असं सांगून गेले होते. मावशींनी ही गोष्ट अख्ख्या कुंभवलीला सांगितली, वर प्रत्येकाला बजावलं, ‘कोनाला बोलू नको.’ पॅकिंगच्या खोक्यांतून बाहेर पडायची प्रकाशची ती एक वाट होती. दुसरी नव्हती, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही.

आणि त्याच वर्षी पावसाळाभर आठ वाजता ती हिंदी मालिका लागायची. नाव घेत नाही, घेतलं की कुणीतरी पुन्हा शोधून लावेल. व्यावसायिक फुटबॉलमधला भ्रष्टाचार हा तिचा विषय. एक मोठा क्लब, त्याचा मालक, मालकाचा मेहुणा, सट्टेवाले आणि विकला जाणारा गोलकीपर विक्रांत. भ्रष्ट माणूस कसा ओळखायचा याची त्यात फार छान सोय होती. तो कधी उजेडात बसायचाच नाही. बाहेर भर दुपार असली तरी त्याच्या खोलीचे पडदे ओढलेले. बोटात हिरवा खडा. पुढ्यात द्राक्षांची ताटली. एकेक द्राक्ष तोडत तो संथपणे बोलायचा आणि तो यायच्या आधी पाठीमागे ‘ढम्म’ असं काहीतरी वाजायचं. आमचे हे म्हणायचे, ‘कारखान्यात असं ढम्म वाजलं असतं तर बरं झालं असतं. कुठल्या साहेबापासून लांब राहायचं ते आधीच कळलं असतं.’

खेळ त्यात तोंडी लावण्यापुरता. चेंडू कुणाच्या पायात आहे ते कळायच्या आत कॅमेरा घामावर, डोळ्यांवर, गॅलरीत बसलेल्या मेहुण्यावर जायचा. सराव करणारा खेळाडू मी त्या मालिकेत एकदाही पाहिला नाही. सगळे एकतर विकले गेलेले, नाहीतर विकले जायच्या बेतात. रोज संध्याकाळी मागच्या भिंतीवर धप् धप् ऐकणारी मी. मला प्रश्न पडायचा, ही माणसं खेळायची केव्हा? पण बघायचे मी पण. खोटं कशाला बोलू, आठ वाजले की भाकरी तव्यावर टाकायलासुद्धा जीव होत नसे.

या मालिकेचा एक तुकडा आमच्याकडेच चित्रित झाला होता, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, घिवलीला. समुद्राकडेला सपाट जागा, मागे माड, एका बाजूला बोंबील वाळत घातलेले. विक्रांत झालेला नट मुंबईचा, दिसायला देखणा, बोलायला गोड. एकच अडचण होती, चेंडू अंगावर आला की तो डोळे मिटायचा. तेव्हा चेहरा त्याचा आणि पाठ दुसऱ्या कुणाची असं ठरलं, आणि ती पाठ शोधत ते लोक प्रकाशकडे आले. मावशी आणि मी डबा घेऊन बघायला गेलो. मावशींनी गोलच्या दांड्यापाशी नारळ ठेवला. चित्रण असो की सामना, त्यांचा रिवाज एकच.

दिग्दर्शकाचा मदतनीस प्रकाशला म्हणाला, “भाई, छोड़ना है. पकड़ना नहीं है. समझा?”

प्रकाशने मान डोलावली. चेंडू आला. त्याने झेप घेऊन धरला.

सगळे हसले. पुन्हा केलं. पुन्हा धरला. मग एकदा बोटांनी बाहेर काढला, एकदा पायाने अडवला. बोंबील वाळवणाऱ्या बायका काम सोडून पदर तोंडाला लावून हसत होत्या. प्रकाश ओशाळून म्हणत होता, “सॉरी सर. हात जाते है अपने आप.” मी आयुष्यात इतकी हसले नसेन. एका माणसाला हरायला शिकवत होते आणि ते त्याला जमत नव्हतं.

शेवटी मदतनीसाने तोडगा काढला. “बॉल को देख ही मत. उधर वो झंडा है ना, उसको देख. मैं चिल्लाया तो उधर कूद.”

प्रकाशने झेंड्याकडे पाहिलं. ओरडा झाला, त्याने उलट्या दिशेला उडी घेतली आणि चेंडू आत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण. प्रकाश मात्र वाळूत पालथा पडून राहिला, जरा जास्तच वेळ. जाताना त्या लोकांनी त्याला वापरलेले लाल हातमोजे भेट दिले. असले हातमोजे बोईसरच्या दुकानात बघायलासुद्धा मिळत नाहीत.

परतताना रिक्षात मी विचारलं, “काय रे, कसं वाटलं?”

“वयनी, मागं जाळं हाललं ना, ते आयकू आलं.”

मी म्हटलं, अरे नाटक आहे ते. तो हो म्हणाला आणि बाहेर बघत बसला.

तो भाग लागला गणपतीच्या दिवसांत. मावशींच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शेंगा उकडलेल्या, टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला. आणि दिसली, प्रकाशची पाठ. किंचित डावीकडे झुकलेला खांदा, खाली वाकून गुडघ्यांवर हात मारायची लकब. चेहरा त्या नटाचा दाखवत होते, पण आम्हाला चेहऱ्याची गरजच काय होती? ज्याला लहानपणापासून पाठमोरा जाताना पाहिलं त्याला गाव ओळखणार नाही का. ‘आपला पक्या, आपला पक्या’ म्हणून एकच गलका झाला. मग चेंडू आला, पक्याने उलट्या दिशेला झेप घेतली आणि जाळं हललं. लगेच पुढच्या दृश्यात ती पडदे ओढलेली खोली, द्राक्षं, हिरवा खडा, आणि टेबलावर कॅमेऱ्याने अगदी जवळून दाखवलेले ते लाल हातमोजे. ढम्म.

शेजारच्या बायजाआजी, त्यांना नीट ऐकू येत नाही, त्या म्हणाल्या, “मंग पैशे पन घेतले काय त्याने?”

सगळे खो खो हसले. प्रकाश सगळ्यात जास्त हसला.

त्यानंतर थट्टेला ऊत आला. चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या गेटवर, पाणी भरताना. ‘काय गोलकीपर, कितीला दिला?’ ‘पार्टी कधी?’ परप्रांतातले कामगार त्याला ‘विक्रांत भाई’ म्हणायला लागले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. हसत हसतच बोलत होते सगळे. पण एखादं वाक्य रोज हसत बोललं की हळूहळू त्यातलं हसणं गळून जातं आणि वाक्य तेवढं उरतं. ते केव्हा गळलं ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

उपांत्य सामना वैतरणेकडच्या टीमशी होता. आपण दोन गोलनी पुढे. सामना संपत आलेला, ऊन कलतं झालेलं, आणि डावीकडून एक साधा चेंडू आला. मी गोलच्या मागेच बायकांत बसले होते, म्हणून मला स्पष्ट दिसलं. चेंडू वाळलेल्या ढेकळावर आपटला, भलतीकडे उडाला आणि प्रकाशच्या कोपराखालून आत गेला. कुणाच्याही हातून जाईल असा गोल.

मागून कुणीतरी म्हणालं, “सोडला.”

दोघेतिघे हसले. मग दुसरा आवाज आला, तो हसत नव्हता. “टीव्हीत असाच सोडलेला. हेच मोजे व्हते हातात.”

मी मान वळवून पाहिलं. ओळखीचे चेहरे. ज्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जाते, ज्यांच्या मुलांच्या तापात मी रात्र काढली आहे, ती माणसं. त्यांच्या डोळ्यांत मी आठ वाजताची ती नजर पाहिली, मालिकेतल्या मेहुण्याला पकडायला बसलेली. सामना आपण जिंकलो होतो, पण ढोल वाजला नाही.

मी घरी येऊन नुसती बसून राहिले. मालिकेत भ्रष्टाचाराला ढम्म असतं, खडा असतो, द्राक्षं असतात. इथे तर काहीच नव्हतं, एक ढेकूळ होतं. पण रोज आठ वाजता चोर ओळखायची सवय लागली की ढेकळातही चोर दिसतो. याच मैदानाला मागे कुंपण मंजूर झालं होतं. तसा फलक लागला, फलकावर नावं आली, कुंपण काही आलं नाही. त्या फलकाला आम्ही गाई बांधतो. त्याबद्दल कुणी कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायचं ठरलं ते प्रकाशला.

आमच्या मंडळाचे प्रमुख नाना, पांढरी टोपी, मवाळ बोलणं. प्रकाशला त्यांनीच पहिला चेंडू आणून दिला होता. त्यांनी जुना रिवाज काढला. इथे कोंबडी चोरीला गेली, बांध सरकला, होडीचं जाळं कुणी कापलं, की गावदेवीपुढे नारळावर हात ठेवून बोलायचं असतं. खोटं बोललं तर ते घरावर येतं. लोक पोलिसाला भीत नाहीत तेवढे त्या नारळाला भितात. नाना म्हणाले, एकट्या प्रकाशला कशाला, अकराही जणांनी हात ठेवायचा, मग कुणाला वाईट वाटणार नाही. चांगल्या मनानेच म्हणाले. आम्हालाही बरं वाटलं. एकदा शपथ झाली की तोंडं बंद होतील.

फायनलच्या आदल्या सकाळी सगळे देवळात जमले. नानांनी शब्द सांगितले, “मी आजवर जानून कदी गोल सोडला नाय, गावाचं नाव घालवलं नाय.” एकेक पोरगा पुढे यायचा, हात ठेवायचा, भराभर म्हणायचा, कपाळाला अंगारा लावून बाजूला व्हायचा. प्रकाशची पाळी शेवटी आली. त्याने हात ठेवला. तोंड उघडलं आणि मिटलं.

“बोल,” नाना म्हणाले.

“नाय बोलता येत.”

मागे उभे होते ते पुढे सरकले.

“वैतरनेचा मी सोडला नाय,” प्रकाश म्हणाला. “तेवढं बोलतो. पन कदीच सोडला नाय, असं कसं बोलू? घिवलीला सोडला हाय मी.”

मावशी बायकांतून पुढे आल्या. “अरे, ते खोटं व्हतं ना. शूटिंग व्हतं ते. बोल तू.”

“आये, शूटिंग खोटं व्हतं. बॉल खरा व्हता.”

“मंग काय झालं?”

“मला आडवता येत व्हता तो. जानून सोडला. आन् मोजे घेतले. देवीफुडं नाय कसं म्हनू?”

मी नानांकडे पाहत होते. मला वाटलं, आता ते हसतील, त्याच्या पाठीवर थाप मारतील, म्हणतील, वेड्या, जा, उद्या नीट खेळ. जो मुलगा कॅमेऱ्यापुढे सोडलेल्या गोलासाठीसुद्धा देवीशी खोटं बोलत नाही, त्याच्याहून सच्चा गोलकीपर कुठे मिळणार होता? पण नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “शपत पुरी झाली नाय. मंडळाचा नियम हाय. उद्या दुसऱ्याला उभा करू.”

अंगारा लावलेले दहाजण खाली बघत होते. मी मोठ्याने म्हणाले की हे काय चाललंय, तर आमचे हे माझा हात धरून मला बाहेर घेऊन आले. मावशींनी तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मुलाकडे बघत होत्या, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी मुंबईचे प्रशिक्षक आले. शब्दाला जागले. खुर्चीवर बसून, कोकम सरबत पिऊन त्यांनी विचारलं, “तो उंच कीपर कुठंय?”

नाना म्हणाले, “पाय मुरगळला त्याचा.”

मी दोन हात अंतरावर उभी होते. कानावर विश्वास बसेना. काल ज्या तोंडाने देवीपुढे शब्द सांगितले त्याच तोंडाने आज दिवसाउजेडी, हसून, सरबताचा पेला भरता भरता. मी पुढे व्हायला लागले तेव्हा मावशींनी माझा दंड धरला. “गावाची गोष्ट गावात राऊ दे. बाहेर कळलं तर अजून नाव जाईल.” कुणाचं नाव, हे मी विचारलं नाही. प्रशिक्षक मध्यंतरापर्यंत थांबले आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत. फायनल आपण जिंकली. बोकडाचा वाटा रिवाजाप्रमाणे प्रत्येक खेळाडूच्या घरी गेला, आमच्याही घरी आला, केळीच्या पानात बांधून. मावशींनी तो तसाच शेजारी देऊन टाकला.

प्रकाश त्यानंतर गोलमध्ये उभा राहिला नाही. कुणी हाकललं नाही, उलट पुढच्या वर्षी बोलवायलाही आले होते. तो हसून म्हणाला, शिफ्ट आहे. मागची भिंत आता गप्प असते. माझा कुकर वेळेवर उतरतो.

तर या वर्षी त्या रेघांपाशी मी थबकले आणि समोरचा मोठा फलक वाचला. प्रमुख पाहुणे: विक्रांत झालेला तो नट. हात जोडून हसतोय, शेजारी नाना हात जोडून हसताहेत. वाटलं, आपल्याला चष्मा लागलाय. पुन्हा वाचलं. तेच होतं. गोल विकणाऱ्याची पाठ झाला म्हणून ज्याला बाहेर बसवलं तो इथे कारखान्यात खोकी बांधतोय, आणि त्याच गोल विकणाऱ्याचा चेहरा बक्षीस वाटायला येतोय. आणि यात काही विचित्र आहे असं गावात एकालाही वाटलेलं दिसेना. दूधवाल्याने मला विचारलं, “वयनी, सेल्फी काढाल ना?”

मी जाणार नव्हते. प्रकाशच म्हणाला, चला, बघून येऊ. मावशीही निघाल्या. आम्ही तिघं दोरीच्या अलीकडे उभे राहिलो. नट आला, अजून देखणाच आहे. नानांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला. माईकवाला लाडात येऊन म्हणाला, “विक्रांत सर, आमच्या गावात आलाय, इथं गोल सोडायचा नाय हां.”

हशा पिकला. नट मोठा हजरजबाबी. त्याने नारळावर दुसरा हात ठेवला, गंभीर चेहरा केला आणि माईकमध्ये म्हणाला, “शपथेवर सांगतो, मी आयुष्यात एकही गोल सोडलेला नाही.”

टाळ्या, शिट्ट्या. नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. आणि माझ्या शेजारी प्रकाश टाळ्या वाजवत होता.

मी म्हटलं, “तू कशाला वाजवतोस?”

“खरं बोलला तो, वयनी,” प्रकाश म्हणाला. “त्याने नाय सोडला. मी सोडला.”

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कुठे हसू लपलंय का ते शोधलं. नव्हतं.